टाकीपासून दट्ट्यापर्यंत: आऊटबोर्ड मोटारीच्या पेट्रोलची कथा

रस्त्यानें चाललेली मोटारगाडी बंद पडली, तर ती जागच्या जागीं थांबते आणि हांकणारा खालीं उतरून तिचें झांकण उघडतो. होडीचें तसें नाहीं. तिची मोटार बंद पडली तरी होडी थांबत नाहीं. ती प्रवाहाच्या स्वाधीन होते. खडक, पुलाचा खांब, धरणाचा सांडवा किंवा उघडा समुद्र, जें कांहीं खालच्या अंगास असेल तिकडे ती आपल्या गतीनें जाऊं लागते, आणि बिघाड शोधण्यास जो वेळ मिळतो तो तेथें पोंचेपर्यंतचाच. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा व पंचगंगा या नद्यांना महापूर आला, त्या वेळीं सांगली-कोल्हापूर भागांत अडकून पडलेल्या माणसांना काढण्यासाठीं रबरी होड्या फिरत होत्या. त्यांच्या पिछाडीस टांगलेलें यंत्र ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना आऊटबोर्ड मोटार म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. इंजिन वर, पंखा पाण्यांत, आणि दोहोंना जोडणारा उभा दांडा मध्यें, अशी ही एकसंध वस्तु. स्क्रू आवळले कीं ती होडीला चिकटते, सैल केले कीं लहानशी मोटार खांद्यावरून घरीं नेतां येते.

या यंत्राचा इतिहास बहुधा वाढत्या अश्वशक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. होडी चालविणाऱ्याच्या दृष्टीनें मात्र त्याचा इतिहास निराळाच आहे. टाकींतलें पेट्रोल इंजिनाच्या दट्ट्यापर्यंत कसें न्यावें, हा प्रश्न प्रत्येक पिढीनें नव्यानें सोडविला, आणि प्रत्येक वेळीं जुना बिघाड नाहींसा होऊन त्याचा नवा भाऊ दुसऱ्या जागीं जन्मास आला.

आरंभीं हा प्रश्न नव्हताच, कारण आरंभीं पेट्रोलच नव्हतें. पॅरिसच्या ग्युस्ताव्ह त्रूव्हे यानें १८८१ सालीं सीन नदीवर होडीला टांगण्याजोगी विजेची मोटार चालवून दाखविली. कल्पना उत्तम होती, पण विजेच्या घटांचें ओझें होडीला पेलवेना. पुढें पेट्रोलचीं लहान इंजिनें निघालीं तेव्हां अमेरिकेंत अनेकांचें लक्ष या खटपटीकडे गेलें. त्यांत डेट्रॉईटच्या कॅमेरॉन वॉटरमन यानें १९०५ च्या सुमारास चालू केलेली मोटार विशेष प्रसिद्ध आहे. परंतु या धंद्याला ज्यानें खरें रूप दिलें तो ओले एव्हिनरूड.

हा नॉर्वेंतून आलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८७७ चा. तो पांच वर्षांचा असतांना कुटुंब अमेरिकेंत आलें आणि विस्कॉन्सिन संस्थानांत रिपली सरोवराजवळ शेती करूं लागलें. शाळा थोडी, पण यंत्रांचा नाद फार. निरनिराळ्या कारखान्यांत कामें करीत करीत तो मिलवॉकी शहरीं ओतकामाचे सांचे बनविणारा कारागीर झाला. आईस्क्रीमची जी गोष्ट त्याच्या नांवाशीं जोडलेली आहे ती अमेरिकेंत जवळ जवळ दंतकथा होऊन बसली आहे. उन्हाळ्याचा दिवस, सरोवराकांठीं वनभोजन, बेस कॅरी या तरुणीची आईस्क्रीम खाण्याची इच्छा, ओलेचें वल्हीं मारीत पलीकडच्या तीरास जाणें, आणि परत येईतों आईस्क्रीमचें झालेलें पाणी! गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, बेसशीं त्याचा विवाह झाला हें खरें, आणि हिशेब, पत्रव्यवहार व जाहिराती तिनें सांभाळल्या नसत्या तर ओलेचें यंत्र त्याच्या छपराखालींच राहिलें असतें, हेंही तितकेंच खरें. पहिलें यंत्र पाहून तिला कॉफी दळण्याच्या यंत्राची आठवण झाली, असें सांगतात. १९०९ सालीं विक्रीस आलेली ही मोटार दीड अश्वशक्तीची होती. वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. वल्ह्यांना कायमची रजा द्या, अशा अर्थाची जाहिरात बेसनें लिहिली आणि मागणीचा ओघ सुरू झाला. शहाण्या नावाड्यांनीं मोटार घेतली, पण वल्हीं होडींतच ठेवलीं. त्यांचा अनुभव जाहिरातीहून जुना होता.

आतां त्या यंत्राच्या पोटांत डोकावणें अवश्य आहे, नाहीं तर पुढील हकीकत समजणार नाहीं. हें इंजिन टू-स्ट्रोक जातीचें. दट्ट्या वर जातो तेव्हां त्याच्या खालच्या बंद पेटींत, म्हणजे क्रँककेसमध्यें, पोकळी उत्पन्न होते आणि तिच्या ओढीनें कार्ब्युरेटरमधून हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत येतें. दट्ट्या खालीं येतो तेव्हां तेंच मिश्रण दाबलें जाऊन बाजूच्या वाटेनें वर सिलिंडरांत शिरतें, आणि तेथें ठिणगी पडते. ही पेटी मिश्रणाची वाट झाल्यामुळें तींत तेल भरून ठेवतां येत नाहीं. म्हणून वंगणाचें तेल पेट्रोलमध्येंच मिसळावें लागतें. जुन्या इंजिनांना सोळा भाग पेट्रोलास एक भाग तेल लागे. पुढें चोवीसास एक, आणि १९६० नंतरच्या दशकांत पन्नासास एक असें प्रमाण रूढ झालें.

या एका गोष्टींत या यंत्राचें सगळें मर्म आहे. पेट्रोल कमी पडलें तर मोटारगाडीचें इंजिन नुसतें अडखळतें. येथें पेट्रोल कमी पडलें म्हणजे तेलही कमी पडलें. आणि फसवणूक अशी कीं, अर्धवट उपाशी राहिलेलें टू-स्ट्रोक इंजिन कांहीं क्षण अधिकच तडफेनें धांवतें. त्याचा आवाज चढतो, चालविणारा खूष होतो. मग आंतील उष्णता वाढते, तेलाचा पातळ थर नाहींसा होतो, आणि दट्ट्या सिलिंडरला घट्ट चिकटून बसतो. भर समुद्रांत हा प्रकार झाला कीं दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाहीं.

पहिल्या मोटारींची पेट्रोलची टाकी इंजिनालाच जोडलेली असे. ती कार्ब्युरेटरहून उंच, त्यामुळें पेट्रोल आपल्या भारानें खालीं उतरे. पंप नाहीं, लांब नळी नाहीं. सृष्टीचा नियम फुकट राबत होता. तरीही मोटारी बंद पडत, आणि त्याचीं कारणें अगदीं घरगुती होतीं. टाकीच्या झांकणाला हवा आंत येण्यासाठीं एक भोंक किंवा लहानसा स्क्रू असे. तो उघडावयाचा राहिला तर जेवढें पेट्रोल खालीं गेलें तेवढी पोकळी टाकींत होई आणि कांहीं मिनिटांनीं धार थांबे. घरांतल्या तेलाच्या डब्याला एकच भोंक पाडलें म्हणजे तेल अडतें, तोच हा प्रकार. गंमत म्हणजे होडी किनाऱ्यापासून बरीच आंत गेल्यावरच हें ध्यानांत येई, कारण आरंभीं सर्व कांहीं सुरळीत चालत असे. दुसरें कारण पाणी. पाणी पेट्रोलहून जड, त्यामुळें तें तळाशीं बसतें. आणि टाकींतून बाहेर पडण्याची वाटही तळाशींच. तिसरें, गंज व कचरा. कार्ब्युरेटरच्या ज्या भोंकांतून पेट्रोल फवारलें जातें तीं सुईच्या अग्राएवढीं. थंडीभर टाकींत राहिलेल्या पेट्रोलचा उडून जाणारा अंश उडून जातो आणि मागें लाखेसारखा चिकट थर राहतो. तो प्रथम सर्वांत बारीक भोंक बुजवितो, म्हणजे मंद गतीचें. म्हणून जें इंजिन जोरांत चालतें पण हळू केल्याबरोबर विझतें, त्याच्या मालकानें मोठ्या दोषाची कल्पना करण्यापूर्वीं हें बारीक भोंक पाहावें, असा जाणत्यांचा नियम ठरला.

एव्हिनरूडनें पत्नीच्या प्रकृतीमुळें १९१४ सालीं धंदा विकला, आणि १९२१ सालीं ॲल्युमिनमच्या हलक्या मोटारी घेऊन तो पुन्हां बाजारांत उतरला. १९३४ सालीं तो वारला. त्याच्या पश्चात् त्याची कंपनी व जॉन्सन बंधूंनीं काढलेली कंपनी एक झाल्या आणि आऊटबोर्ड मरीन या नांवाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. तिचा मुख्य प्रतिस्पर्धी मात्र एका ढिगाऱ्यांतून जन्मला. विस्कॉन्सिनमधील सीडरबर्ग या गांवीं एक बुडालेला कारखाना १९३९ सालीं कार्ल कीकहाफर यानें घेतला. त्यांत सुमारें तीनशें मोटारी पडून होत्या. मोठ्या व्यापारी पेढीनें त्या सदोष म्हणून नाकारल्या होत्या. कीकहाफरला होडीच्या मोटारी करावयाच्या नव्हत्या. पैसा मोकळा करण्यासाठीं त्यानें त्या उघडल्या, दुरुस्त केल्या आणि त्याच पेढीला विकल्या. पेढीनें आणखी मागविल्या. मर्क्युरी हें पुढें जगभर गाजलेलें नांव या दुरुस्तींतून निघालें. बिघाड शोधण्याच्या कामांतून कारखाना उभा राहिल्याचीं उदाहरणें फार नाहींत.

युद्धकाळांत या यंत्रावर माणसांचे प्राण अवलंबून राहिले. २५ सप्टेंबर १९४४ च्या रात्रीं हॉलंडमध्यें आर्नेमजवळ र्‍हाईनच्या उत्तर तीरावर कोंडलेल्या ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांना मागें आणण्याचें ठरलें. कॅनडाच्या इंजिनियर दलानें त्यासाठीं एव्हिनरूड मोटारी लावलेल्या होड्या आणल्या. नदीला ओढ, वरून शत्रूचा मारा, आणि धो धो पाऊस. अंधारानें व पावसानें माणसांना झांकलें, पण त्याच पावसानें मोटारी वारंवार बंद पडूं लागल्या. उजाडेपर्यंत सुमारें २,४०० माणसें अलीकडे आणलीं गेलीं. कित्येक त्या तीरावरच राहिलीं.

त्या रात्रींचा मुख्य शत्रु पाऊस होता, पेट्रोल नव्हे. पण म्हणूनच बंद पडलेल्या मोटारीपुढें पहिला प्रश्न कोणता, तें येथें स्पष्ट दिसतें. इंजिनाला ठिणगी मिळत नाहीं, कीं पेट्रोल मिळत नाहीं? याचें उत्तर स्पार्क प्लग देतो. तो काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल आंत पोंचलेलें नाहीं. ओला असेल तर पेट्रोल आलें आहे, पण पेटलें नाहीं, किंवा गरजेपेक्षां अधिक आलें आहे. ज्या नावाड्यानें हा एक प्रश्न विचारण्यापूर्वीं कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळावयास आरंभ केला, त्यानें एका दोषाचे दोन केले असें समजावें.

युद्धानंतर लोकांना लांबवर जाणाऱ्या मोठ्या मोटारी हव्या झाल्या, आणि इंजिनावरची चिमुकली टाकी पुरेना. १९४९ सालीं जॉन्सनच्या दहा अश्वशक्तीच्या मोटारीबरोबर निराळी टाकी आली. ती होडीच्या तळाशीं ठेवावयाची. पण आतां टाकी खालीं आणि इंजिन वर! फुकटचा नोकर गेला. त्याच्या जागीं योजलेली युक्ति मोठी सुबक होती. क्रँककेसमधील दाब एका नळीनें टाकींत सोडावयाचा, आणि त्या दाबानें पेट्रोल दुसऱ्या नळीनें वर चढवावयाचें. म्हणजे टाकीला आतां हवेचें भोंक चालणार नाहीं. ती पूर्ण बंद पाहिजे. कालपर्यंत जो झांकणाचा स्क्रू उघडावयाचा राहिल्यानें मोटार बंद पडत होती, तेथें आतां झांकणाची रबरी चकती सुकून फट पडल्यानें ती बंद पडूं लागली. दोष तोच, जागा तीच, पण उपाय अगदीं उलटा. जुन्या संवयीचे लोक या ठिकाणीं फार फसले. शिवाय दाबाखालीं असलेली पेट्रोलची टाकी पायाशीं घेऊन बसणें कोणालाच रुचण्यासारखें नव्हतें. दहा-बारा वर्षांत ही पद्धत मागें पडली आणि इंजिनावर पंप आला.

हा पंप म्हणजे एक लवचिक पडदा. क्रँककेसमधील दाब दट्ट्याच्या प्रत्येक खेपेस कमी-अधिक होतो, त्याबरोबर पडदा धडधडतो आणि पेट्रोल ओढून घेतो. नळी पुन्हां एकच झाली, आणि तिच्या मध्यें हातानें दाबावयाचा एक रबरी फुगा बसविला गेला. प्रारंभीं पेट्रोल वर आणण्यासाठीं तो आहे. परंतु बिघाडाच्या वेळीं वैद्याला नाडी तसा नावाड्याला हा फुगा. मोटार दम तोडूं लागली कीं तो दाबावा. दाबल्याबरोबर तिला जीव आला, तर कार्ब्युरेटर निर्दोष. दोष पंपांत किंवा पंपाच्या मागें टाकीकडे. फुगा चपटा होऊन बसला, तर टाकी व फुगा यांच्यामध्यें वाट अडली आहे: हवेचा स्क्रू बंद, नाहीं तर टाकींतली जाळी तुंबलेली. उलट कितीही दाबला तरी फुगा कठीण होत नसेल, तर कोठें तरी चीर पडून नळी पेट्रोलऐवजीं हवा पीत आहे, अथवा फुग्याची झडप गेली आहे, अथवा कार्ब्युरेटरची सुई बसत नसून पेट्रोल बाहेर वाहत आहे. हवा ओढणारी चीर मोठी लबाड असते. नळीच्या आंत ओढ असल्यामुळें तिच्यांतून पेट्रोलचा थेंबही बाहेर दिसत नाहीं. पंपाचा पडदा फाटला, तर त्याच्या मागच्या भोंकांतून पेट्रोल सरळ क्रँककेसमध्यें उतरतें. मग प्लग ओला, धूर दाट, आणि माणूस नळ्या तपाशीत बसतो. शंका राहिलीच तर कार्ब्युरेटरच्या तोंडाची झडप क्षणभर लावून पाहावी. हवा कमी केल्यानें इंजिन सुधारलें, तर तें पेट्रोलला भुकेलें होतें हें निश्चित.

या सर्व परीक्षा हातानें, डोळ्यानें व कानानें होण्यासारख्या होत्या, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढचा काळ त्याहून निराळा आला.

टू-स्ट्रोक इंजिनाचा एक जन्मजात दोष होता. जळका धूर बाहेर जाण्याची वाट उघडी असतांनाच ताजें मिश्रण आंत शिरतें, त्यामुळें पेट्रोलचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक न जळतां बाहेर पडे आणि सरोवरांत मिसळे. १९९६ सालीं अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्यानें नियम केला कीं, २००६ पर्यंत नव्या आऊटबोर्ड मोटारींतून बाहेर पडणारे हे अंश सुमारें तीन चतुर्थांशांनीं कमी झाले पाहिजेत. कांहीं कंपन्या फोर-स्ट्रोक इंजिनांकडे वळल्या. जपानी होंडा कंपनी तर १९६४ पासून तशीं इंजिनें करीत होती. आऊटबोर्ड मरीननें टू-स्ट्रोक सोडला नाहीं. तिनें फिख्ट नांवाची जर्मन युक्ति विकत घेतली. तींत कार्ब्युरेटर नव्हताच. विजेच्या चुंबकानें एक लहानसा हातोडा पेट्रोलच्या स्तंभावर मारावयाचा, आणि त्या धक्क्यानें पेट्रोल सरळ सिलिंडरांत, तेंही धुराची वाट बंद होतांना, फवारावयाचें. केव्हां व किती, हें विद्युत्-यंत्रणा ठरविणार.

कल्पनेंत खोट नव्हती. पण कारखान्याच्या प्रयोगशाळेंत जें दिसलें नाहीं तें गिऱ्हाइकांच्या होड्यांवर दिसूं लागलें. प्लग काजळले, आणि मोठ्या मोटारींपैकीं कित्येक पार निकामी झाल्या. कार्ब्युरेटर असतां तर जुन्या मिस्त्रीनें तो उघडून पाहिला असता. येथें उघडून पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. दोष पुढें शोधले गेले, सुधारणाही झाल्या, परंतु तोंपर्यंत विश्वास उडाला होता. कंपनीच्या अंतास कर्ज, स्पर्धा, मालकीचे फेरबदल अशीं इतरही कारणें होतीं, आणि सर्व दोष एका फवाऱ्यावर लादणें अन्यायाचें होईल. तथापि नवी पद्धत पुरती पारखण्यापूर्वींच ती गिऱ्हाइकाच्या गळ्यांत घालण्याची घाई ही त्यांतली सर्वांत मोठी चूक होय. २२ डिसेंबर २००० रोजीं आऊटबोर्ड मरीननें दिवाळें जाहीर केलें. हजारों कामगार नाताळच्या तोंडावर घरीं बसले. एव्हिनरूड हें नांव कॅनडाच्या बाँबार्डियर कंपनीनें घेतलें आणि त्याच मूळ कल्पनेवर सुधारलेलीं चांगलीं इंजिनेंही केलीं. पण २०२० च्या मे महिन्यांत त्या मोटारींचें उत्पादनही थांबविण्यांत आलें.

मोटारी मात्र इतक्या लवकर मरत नाहींत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींच्या कार्ब्युरेटरवाल्या मोटारी जगभर चालत आहेत, आणि त्यांच्यापुढें आतां नवें संकट यंत्राचें नसून पेट्रोलचेंच आहे. अमेरिकेंत २००६ च्या सुमारास दहा टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल झपाट्यानें पसरूं लागलें. भारतांत वीस टक्क्यांचें मिश्रण २०२३ पासून सुरू होऊन २०२५ पर्यंत देशभर पसरलें. शेतकऱ्याला व परकीय चलनाला त्याचा जो लाभ असेल तो असो. होडीचा प्रश्न वेगळा आहे. इथेनॉल पाण्याचें मित्र. जुन्या नळ्यांचें रबर तें फुगवितें व मऊ करितें, आणि मग नळीच्या आंतल्या अस्तराचे तुकडे सुटून कार्ब्युरेटरकडे जातात. बाहेरून नळी धडधाकट दिसते. अमेरिकेंत कांहीं जुन्या होड्यांच्या फायबरग्लासच्या टाक्यांतली राळ विरघळून इंजिनांत गेली आणि तीं बंद पडलीं.

पण खरी अडचण पाण्याची. साध्या पेट्रोलमध्यें आलेलें थोडें पाणी तळाशीं बसतें, तें काढून टाकतां येतें. इथेनॉलचें पेट्रोल तें पाणी पोटांत घेतें आणि कांहीं काळ कांहींच दिसूं देत नाहीं. दहा टक्क्यांच्या मिश्रणांत हजार भागांस सुमारें पांच भाग पाणी मावतें. त्या मर्यादेच्या पलीकडे, किंवा रात्रीं थंडी वाढली कीं, पाणी व इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून फुटून निघतात आणि तळाशीं जाऊन बसतात. वर राहिलेलें पेट्रोलही मग पूर्वींच्या गुणाचें राहत नाहीं. समुद्रकांठच्या दमट हवेंत अर्धी भरलेली टाकी महिनोन्-महिने पडून राहिली तर हें सहज घडतें. म्हणून सावध नावाडी हंगामाच्या आरंभीं टाकीच्या तळचें थोडें पेट्रोल काचेच्या बरणींत काढून रात्रभर ठेवतात. सकाळीं बरणींत दोन थर दिसले, तर कोणतेंही औषध टाकून ते पुन्हां एक होत नाहींत. टाकी रिती करून, पुसून, उन्हांत वाळवून नव्यानें भरावी लागते, आणि मगच होडी पाण्यांत लोटावी लागते.